कॉलेज धनकवडीला, पण घर कुठे?

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगा बार्शीचा, पुण्यात धनकवडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिघं मित्र मिळून भाड्याच्या टू बीएचकेत राहतात, प्रत्येकी ७,००० रुपये. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय ५०. धाकटी बहीण दहावीला. जमिनीचा तुकडा विकून आणि ठेवी मोडून हाताशी १५ लाख आहेत. घरच्यांचं म्हणणं, भाडं वाया घालवण्यापेक्षा हप्ता भरू आणि घर मुलाच्या नावावर घेऊ. तीन जागा नजरेत आहेत: आंबेगाव बुद्रुकला कॉलेजपासून जवळ जुन्या इमारतीतला वन बीएचके, वाघोलीला बांधकाम चालू असलेला ५२ लाखांचा टू बीएचके आणि आकुर्डीकडे रीसेलचा वन बीएचके. काका म्हणतात, फ्लॅट कसले घेता, गुंठा घ्या. दिवाळीपर्यंत ठरवायचंय.

माझं काम घरांच्या कागदांचं. खरेदीखतं, टायटल सर्च म्हणजे मालकी हक्काची तपासणी, कर्जाच्या फायली यांतच दिवस जातो. तेव्हा उत्तर त्याच बाजूनं येणार. वयानं मोठा आहे, 'तू' म्हणतो.

'भाडं वाया जातं' हे वाक्य आधी तपासू, कारण सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. तुझं शिक्षण संपायला साधारण अडीच वर्षं राहिलीत. ३० महिने गुणिले ७,००० म्हणजे २ लाख १० हजार. आता ३५ लाखांचा फ्लॅट घेतला असं धर. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे २ लाख ४५ हजार. नोंदणी फी ३०,००० रुपये. एजंट एक ते दोन टक्के मागणार. सोसायटीची हस्तांतरण फी २५,००० पर्यंत. वकील, बँकेची प्रोसेसिंग, मूल्यांकन वेगळं. साडेतीन ते चार लाख रुपये दाराचं कुलूप उघडायच्या आत गेले, आणि त्यातला एक रुपयाही पुढे विकताना परत मिळत नाही. उरलेल्या सगळ्या शिक्षणाचं भाडं त्याहून कमी आहे. तेव्हा भाडं वाचवायला म्हणून घर घेत असाल तर घेऊ नका. पुण्यात घर हवंच आहे, बहीण पुढे येणार आहे, निवृत्तीनंतर आई-बाबांना इकडे राहायचंय, यांपैकी काही खरं असेल तर पुढे वाच.

आता कर्ज. एजंटनं तुला २० वर्षांचा तक्ता दाखवला असणार: ३० लाख, साडेआठ टक्के, हप्ता २६,००० च्या आसपास. तक्ता बरोबर आहे, पण तुमच्यासाठी नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची निवृत्ती ५८ व्या वर्षी. बाबांकडे नोकरीची आठ वर्षं उरलीत आणि बँक पगाराकडे बघून कर्ज देते. काही बँका पेन्शन धरून मुदत थोडी वाढवतात, पण ते गृहीत धरून बेत आखू नये. आठ वर्षांत फेडायचं तर २० लाखांना हप्ता साधारण २८,८०० आणि २५ लाखांना ३६,००० च्या घरात जातो. 'मुलाचं नाव सहअर्जदार म्हणून टाका, मुदत वाढते' असं कुणी सांगितलं असेल तर ते अर्धंच सांगितलंय. सहअर्जदाराचं उत्पन्न असेल तर वाढते. तुझं आज शून्य आहे.

एजंटांचा आणखी एक लाडका सल्ला: चार वर्षं वापरा, मग विका. २० वर्षांच्या त्या ३० लाखांच्या कर्जावर चार वर्षांत तुम्ही बँकेला साडेबारा लाख देता आणि मुद्दल कमी होतं जेमतेम पावणेतीन लाखांनी. बाकी सगळं व्याज. त्यात सुरुवातीचे चार लाख मिळव आणि मग तो फ्लॅट किती चढला तर तुम्ही निव्वळ बरोबरीत याल याचा हिशोब बाबांसमोर बसून कर.

म्हणजे तुमची खरी मर्यादा अशी. १५ लाखांतले ४ खर्चाला, १ लाख दवाखाना आणि बहिणीच्या प्रवेशासाठी बाजूला, उरले १०. त्यावर जास्तीत जास्त २५ लाखांचं कर्ज. ३५ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि ३० लाखांच्या आत ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते हे खरं, पण बँक देते म्हणून घ्यायचं नसतं. हा आकडा पक्का झाला की पुण्याचा अर्धा नकाशा आपोआप पुसला जातो आणि 'कुठे' हा प्रश्न सोपा होतो.

वाघोलीचा ५२ लाखांचा फ्लॅट इथेच बाद. पण 'थोडं ताणू या' असा मोह होईल, म्हणून दोन शब्द. बांधकाम चालू असलेल्या घरात तुला आज राहता येत नाही. हप्ता किंवा त्याचं व्याज सुरू आणि धनकवडीचं भाडंही सुरू. शिवाय जीएसटी. ४५ लाखांच्या वर ५ टक्के, म्हणजे ५२ लाखांवर २ लाख ६० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तिथल्या कित्येक सोसायट्या अजून टँकरवर आहेत आणि नगर रस्त्याची संध्याकाळ तू एकदा स्वतः बघ. रामवाडी ते वाघोली मेट्रोला २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, हे साइटवरचा सेल्समन पहिल्या पाच मिनिटांत सांगेल. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये धावली आणि स्वारगेटपर्यंत पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. धावणाऱ्या मेट्रोसाठी जास्त पैसे दे. मंजूर झालेल्या मेट्रोसाठी देऊ नकोस. खराडीत नोकरी करणाऱ्या जोडप्याला वाघोली योग्य असू शकते. तुम्हाला नाही.

मूळ मुद्दा आता. तुम्ही सगळे घर शोधताय ते कॉलेजच्या भोवती. कॉलेज अडीच वर्षांत संपेल, कर्ज आठ वर्षं चालेल आणि घर त्याहून पुढे. तू बाहेर पडल्यावर त्या घरात कोण राहणार? बहिणीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळेल हे आज कुणाला माहीत नाही. तुला हिंजवडीत नोकरी लागेल की चाकणला की बंगळुरूला, तेही नाही. म्हणून जागा अशी हवी की जिला भाडेकरू दोन बाजूंनी मिळतील, शिकणारेही आणि नोकरी करणारेही, आणि जिथून शहरात कुठेही जायला आज चालू असलेलं सार्वजनिक वाहन आहे. फक्त एका कॉलेजच्या फाटकावर जगणारी वस्ती सुट्टीत ओस पडते. त्या कॉलेजनं स्वतःचं मोठं वसतिगृह बांधलं, की भाडी बसतात.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. घ्यायची जागा आणि राहायची जागा एकच असली पाहिजे असं कुठे आहे? घर आकुर्डीला घे, भाड्यानं दे, आणि तू आहेस तिथेच मित्रांबरोबर राहा. आकुर्डीहून रोज धनकवडी म्हणजे रिक्षा किंवा लोकल, मग मेट्रो, मग स्वारगेटहून बस. जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. स्वतःचं घर आहे म्हणून सबमिशनच्या आठवड्यात हा प्रवास करायचा, यात काही शहाणपण नाही. मात्र भाड्यातून हप्ता सुटेल ही आशा ठेवू नका. पुण्यात वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास फिरतं. ३५ लाखांच्या घराला महिन्याला नऊ-दहा हजार. हप्त्याचा चौथा हिस्सा म्हण.

आता दोन्ही जागा नीट बघू.

आंबेगाव बुद्रुक २०१७ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती आणि त्या काळात उभ्या राहिलेल्या सगळ्याच इमारतींना रीतसर परवानगी नव्हती. मध्यंतरी याच भागातल्या बेकायदा इमारती महापालिकेनं यंत्रं लावून पाडल्या, त्यात लोकांचे बुक केलेले फ्लॅट होते. म्हणून इथे पहिला प्रश्न किमतीचा नाही, भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे बांधली आणि राहायला योग्य आहे या पालिकेच्या दाखल्याचा. 'ग्रामपंचायतीची नोंद आहे, घरपट्टी भरतोय, वीजमीटर आहे' हे उत्तर मिळालं तर नमस्कार करून निघ. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते, मीटरही मिळतो. त्यापेक्षा धनकवडी किंवा कात्रजचा तो भाग बघ जो १९९७ पासून पालिकेत आहे, पण तिथेही गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनीवरच्या, इमारती गल्लोगल्ली आहेत, म्हणून कागद सोडायचा नाही. या पट्ट्याची जमेची बाजू मोठी आहे. पुण्याची पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, २००६ मध्ये इथूनच, कात्रज-स्वारगेट मार्गावर, सुरू झाली. बस भरपूर. एका रस्त्यावर चार-पाच मोठी कॉलेजं, त्यामुळे विद्यार्थी भाडेकरूंना तोटा नाही. नोकरदार भाडेकरू मात्र कमी, कारण मोठ्या आयटी कंपन्या शहराच्या दुसऱ्या टोकांना. स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोचं वर सांगितलं तसंच: झाली की मोजू.

आकुर्डी-निगडीला दोन्ही पाय आहेत. कॉलेजं आहेत आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने आहेत. पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन आहे, पिंपरीपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो चालू आहे आणि निगडीपर्यंतच्या विस्ताराचं काम सुरू आहे. हिंजवडीला जाणाऱ्यांनाही ही बाजू बरी पडते. माझा कौल इकडे, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या, लिफ्ट चालू असलेल्या जुन्या सोसायटीकडे.

पण इथले खड्डेही माहीत असू देत. एक, पाणी. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये पालिकेचं पाणी दिवसाआड येतं. सोसायटीच्या टाक्या किती मोठ्या हे बघावंच लागतं. दोन, रेड झोन. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती संरक्षण खात्याचं बंधन असलेला पट्टा आहे आणि तो निगडी, तळवडे, चिखली, किवळे या भागांना चाटून जातो. तिथलं घर बाजारभावापेक्षा स्वस्त दिसेल. कारण हेच. बँका तिथे सहसा कर्ज देत नाहीत. तीन, प्राधिकरण. निगडी प्राधिकरणातल्या बऱ्याच जमिनी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत. नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये गुंडाळलं गेलं, कारभार पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि महापालिकेत वाटला गेला, पण हस्तांतराची परवानगी आणि तिची फी लागू शकते. ती कोण भरणार हे सौद्याच्या वेळीच बोलून घ्यायचं, नाहीतर ऐनवेळी विकणारा हात वर करतो. रावेतकडे सरकलास तर पवनेची पूररेषाही तपासून घे.

तुझ्याकडे पैसे नाहीत, पण बाबांकडे नसलेली एक गोष्ट आहे. तू या शहरात राहतोस. बार्शीहून येणारे पालक रविवारी दुपारी घर बघतात. रविवारी दुपारी रस्ता मोकळा असतो, पाणी असतं, एजंट चहा पाजतो आणि सगळ्या जागा चांगल्या वाटतात. तू बुधवारी सकाळी साडेसहाला जा. फाटकाशी उभा राहा आणि टँकर येतो का बघ. वॉचमनकडे गाड्यांच्या नोंदीची वही असते, त्यात टँकरचे नंबर ओळीनं असतात. गप्पा मारल्यास तर तो एरवी कुणाला सांगत नाही तेही सांगतो: कुठल्या विंगेची लिफ्ट बंद पडते, कुठल्या फ्लॅटला ओल आहे, कोण का विकतंय. मग विकणाऱ्याकडे सोसायटीचा गेल्या वर्षीचा ताळेबंद माग. वार्षिक सभेत तो प्रत्येक सभासदाला मिळतो, गुपित नसतं. त्यात 'पाणी टँकर' अशी ओळ शोध आणि आकडा सभासदसंख्येनं भाग. थकबाकीदारांची यादी बघ. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, काही शिल्लक आहे की रंगकामाला नवीन वर्गणी निघणार, तेही त्यातच दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. तेव्हापासून मी लोकांना सांगतो, पाणी किती येतं एवढंच विचारू नका, कुठून येतं आणि टाकी कधी धुतली तेही विचारा.

दुसरी युक्ती. त्याच सोसायटीसाठी दोन वेगळ्या एजंटांना फोन कर, पण विकत घेणारा म्हणून नाही, भाडेकरू म्हणून. 'वन बीएचके हवाय, किती भाडं, किती रिकामे आहेत, विद्यार्थी चालतील का?' विकणाऱ्यानं सांगितलेलं भाडं आणि इथे ऐकलेलं भाडं यात दोन-तीन हजारांचं अंतर सापडलं, तर मला नवल वाटणार नाही. 'लगेच चार दाखवतो' असं उत्तर आलं तर मागणी नाही असं समज.

किमतीसाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलंस की त्या मिळकतीचे नोंदलेले व्यवहार दिसतात. इंडेक्स-२ वर, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या सरकारी गोषवाऱ्यावर, खरेदीची रक्कम छापलेली असते. त्याच इमारतीतले मागच्या वर्ष-दोन वर्षांतले सौदे काढ आणि मग वाटाघाटीला बस. शेजारीच रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला, दर बघ. करारातली रक्कम आणि रेकनरप्रमाणे मूल्य, यांत जी मोठी तिच्यावर मुद्रांक लागतो. टेप घेऊन जा आणि खोल्या आतून मोज. जुन्या सोसायट्यांत ६०० फूट म्हणून सांगितलेल्या फ्लॅटमध्ये चटई टाकायला ४०० फुटांच्या आत-बाहेरच निघतात. भाव त्या आकड्यावर काढ.

सोसायटीचा स्वभाव हाही जागेचाच भाग आहे. तू स्वतः राहायचं ठरवलंस आणि दोन मित्रांना सोबत घेतलंस, तर काही सोसायट्यांत कमिटी दुसऱ्याच महिन्यात दारात येते. विद्यार्थ्यांना कायद्यानं किती अडवता येतं हा वाद मोठा आहे, पण त्यात तुझी परीक्षा बुडेल. आधीच सचिवांना भेट. मित्रांकडून पैसे घेणार असशील तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात ती सक्ती आहे आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर, म्हणजे तुमच्यावर. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्यावी लागते. फ्लॅट भाड्यानं दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'आमच्याकडे विद्यार्थ्यांना दुप्पट' असं सांगणारी कमिटी भेटली तर हा आकडा सांग, पण हसत सांग. तिथे राहायचंय.

कागदांचं फार लांबवत नाही, कारण वकील लावायचाच आहे. मागच्या ३० वर्षांचा सर्च, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत आणि थकबाकी नसल्याचा दाखला, विकणाऱ्याच्या कर्जाचं बँकेचं पत्र. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा डीम्ड कन्व्हेयन्स, हेही विचारा. उद्या इमारत पुनर्विकासाला गेली तर त्यावर सगळं अडतं. नव्या प्रकल्पाकडे पुन्हा मन वळलंच तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघ. ताबा द्यायची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी-शेजारी ठेव, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. आणि राष्ट्रीयीकृत बँकेनं एखाद्या इमारतीला कर्ज नाकारलं तर 'आमच्या ओळखीची पतसंस्था देते' या वाटेला जाऊ नका. बँकेनं वकील आणि इंजिनिअर लावून तपासलेलं असतं. तो नकार म्हणजे तुम्हाला जवळपास फुकटात मिळालेला अहवाल आहे.

विकणारा थोडी रक्कम रोख मागेल. बाबा सरकारी पगारदार आहेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोख दिलेल्या रकमेवर ना कर्ज मिळतं ना पुढे विकताना ती खरेदी किमतीत धरता येते. नाही म्हणा.

घर तुझ्या नावावर घ्यायचं का? तू १८ पूर्ण आहेस, कायद्याची अडचण नाही. पण मी घेऊ देणार नाही. कर्जाच्या घरात जो मालक तो बँकेला सहअर्जदार म्हणून लागतो. म्हणजे पदवी हातात पडायच्या आधी तुझ्या नावावर २५ लाखांचं ओझं दिसणार. उद्या परदेशी शिकायला शैक्षणिक कर्ज हवं झालं किंवा नोकरी लागल्यावर स्वतःचं घर घ्यायचं ठरलं, तर हे आड येईल. पहिल्या घरासाठीच्या सरकारी योजनांत 'आधी घर नसावं' अशी अट असते, तिथेही तू बाद होशील. आणि घरात बहीण आहे. आई-बाबांच्या सगळ्या पुंजीचं घर एकट्या मुलाच्या नावावर, ही गोष्ट आज कुणी बोलणार नाही. वीस वर्षांनी बोलतील, आणि तेव्हा माझ्यासारख्याच्या टेबलासमोर बसून बोलतील.

आईच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ३५ लाखांवर ३५,००० रुपये. पुरुषाचं नाव जोडलं की सवलत गेली. पूर्वी त्या घराची १५ वर्षं पुरुषाला विक्री करता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. एक गोम आहे. बाबा जुन्या करप्रणालीत असतील आणि व्याजाची वजावट घ्यायची असेल तर ते मालकांत असावे लागतात, नुसते कर्जदार असून चालत नाही. नव्या प्रणालीत स्वतःच्या वापरातल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, तेव्हा घर स्वतः वापरणार असाल तर आईचं नाव निखळ फायद्याचं. बाबांच्या पगारपत्रकावर कुठली प्रणाली आहे ते विचार, तिथे हा प्रश्न सुटतो. पुढे कधी मुलांच्या नावावर करायचं झालंच तर राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुला-मुलींसाठी २०० रुपये मुद्रांक आणि वर स्थानिक अधिभार, एवढंच लागतं. आज घाई करण्यासारखं काही नाही.

काकांच्या गुंठ्याबद्दल एकच परिच्छेद. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. शेतजमिनीतले एक-दोन गुंठे स्वतंत्र सातबाऱ्यावर मिळत नाहीत, म्हणून ते नोटरीच्या कागदावर किंवा दहा जणांच्या सामाईक खरेदीखतावर विकले जातात. नियमित करण्याच्या योजना येतात-जातात. त्या आधाराला धरून आयुष्याची पुंजी लावू नये. रीतसर बिगरशेती, मंजूर रेखांकनातला प्लॉट ३५ लाखांत पुण्याजवळ मिळेलही, पण तो तुला राहायला छप्पर देत नाही आणि भाडंही देत नाही.

दिवाळीचं बंधन तुमचं तुम्हीच घातलंय, बाजारानं नाही. दसरा-पाडव्याच्या जाहिराती नव्या प्रकल्पांच्या असतात. रीसेलच्या घरमालकाला सणाचं काही नसतं, त्याला त्याच्या अडचणीची तारीख असते. पावसाळा संपायच्या आत एकदा वरच्या मजल्याची आणि बाथरूमच्या मागची भिंत बघून घे, रंग द्यायच्या आधी. घर आवडलं आणि विकणारा टोकन मागू लागला, तर रक्कम ५१,००० च्या वर जाऊ देऊ नकोस, चेकनं किंवा बँकेतून दे, आणि पावतीवर दोन ओळी लिहून घे: कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत, आणि सर्चमध्ये दोष निघाला तर टोकन परत, पंधरा दिवसांत. या दोन ओळींवर सही करायला जो तयार नाही, त्याला सर्चमध्ये काय निघणार हे बहुधा तुझ्या आधीच माहीत असतं.